सुरमई, १९७०

मालवणच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि वर्षभर टाळलेली फोनची दुखणी त्या दोन महिन्यांत माझ्या काउंटरवर येतात.

गेल्या जूनमध्ये एक काका आले. स्वतःची फायबर होडी, जाळी मारतात. फोन २०१७ सालचा, स्नॅपड्रॅगन ६२५ चिपवाला, अँड्रॉइड ७वर अडकलेला. बँकेचं अ‍ॅप चालेना. नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "नवो घेवन काय करू? खाऱ्या वाऱ्यान तो पण दोन वर्सांत जातलो."

मला पोर्टिंगचा, म्हणजे जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड बसवण्याचा, जुना नाद. त्यावर मीच बांधलेलं अँड्रॉइड ११ टाकलं. कर्नलचा, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याचा, सोर्स कोड मिळतो, पण मोडेम, कॅमेरा, जीपीएस यांच्या बंद फाइली, म्हणजे ब्लॉब, जुन्या रॉममधूनच, म्हणजे फोनच्या मूळ सिस्टिममधूनच, उचलाव्या लागतात. जुनी सून आणि नवी सासू अशी ती गाठ असते. बॅटरी फुगली होती, तीही बदलली. महिनाभर काका किनाऱ्यावर होते, तक्रार नव्हती.

ऑगस्ट लागला आणि काका चिडून आले. "दर्यात गेलंय की जीपीएस लागणाच नाय. बंदरात इलंय की बरो चलता." त्यांच्या फोनमध्ये पाण्याखालच्या खडपांचे पॉइंट आहेत, तिथं जाळी फाटतात, म्हणून तो नकाशा त्यांना लागतोच. मी फोन घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, पाच सेकंदांत जीपीएस लागला. अँटेनाचे स्प्रिंग साफ केले, जीपीएसची कॉन्फिग फाइल बदलली, दिला. आठवड्यात परत आले. दोष समोर दिसत नसला की मी हात चालवत बसतो, ही माझी वाईट सवय.

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी तिसऱ्यांदा आले तेव्हा तक्रारी दोन होत्या. दुसरी: "सकाळी सुरमईचो फोटो काढलंय, तो खय गेलो?"

गॅलरी उघडली. वर काहीच नव्हतं. मी खाली सरकवत गेलो, नातवाचं बारसं गेलं, गणपती गेले, आणि अगदी तळाला सुरमई. हातभर लांब, होडीच्या फळीवर, अंगावर कोवळं ऊन. खाली तारीख: १४ फेब्रुवारी १९७०, संध्याकाळचे सात.

मी दुकानाची वही काढली. बॅटरी बदलली होती ३० जूनला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. तिथून १४ ऑगस्टच्या सकाळी सातपर्यंत चव्वेचाळीस दिवस आणि साडेतेरा तास. आणि संगणकाचं घड्याळ जिथून सुरू होतं त्या १ जानेवारी १९७०च्या (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच) क्षणापासून फोटोच्या तारखेपर्यंतही तेवढंच. माझ्या अंगावर काटा आला. फोन वेडा झाला नव्हता. मी बॅटरी जोडल्यापासूनचे सेकंद तो इमानदारीनं मोजत होता.

या चिपच्या घड्याळात अँड्रॉइडला वेळ लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. खऱ्या वेळेशी फरक किती, तो टाइम डीमन नावाचा ब्लॉब फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि फोन चालू होताना बेरीज करतो. जुना ब्लॉब जुन्या फोल्डरमध्ये लिहू पाहत होता आणि सेलिनक्स, म्हणजे अँड्रॉइडचा सुरक्षा-पहारा, त्याला हाकलत होतं, म्हणून फरक साठतच नव्हता. लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदवहीत, 'डिनाइड'ची (नकाराची) ओळ सरळ पडलेली होती. चाचणी करताना मी सेलिनक्स ढिलं सोडलं होतं, शेवटच्या बिल्डमध्ये कडक केलं, आणि नंतर पुन्हा तपासलंच नाही.

बंदरात टॉवर वेळ देतो, उपग्रहांच्या कक्षाही नेटवरून येतात. काका मात्र बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवून वीस वाव खोल पाण्यात जाऊन चालू करायचे. तिथं ना टॉवर ना नेट. साल १९७०, म्हणजे साठवलेली कक्षांची माहितीही कुचकामी, सगळं उपग्रहांकडूनच ऐकायचं. ते बोलतात सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाची स्वतःची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, आणि सगळ्यांचं मिळून पंचांग पुरं व्हायला साडेबारा मिनिटं. हलत्या होडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या फोननं मध्येच कान काढला की पुन्हा पहिल्यापासून. काका पाच मिनिटांत शिव्या घालून फोन खिशात टाकायचे.

रात्री त्याच चिपच्या नव्या रॉममधला टाइम डीमन घेतला, त्याला व्हेंडरच्या डेटात फोल्डर करून दिलं, सेलिनक्स अडवणार नाही असं लेबल लावलं, बिल्डला बसवलं. सिम काढून, वायफाय बंद करून फोन रात्रभर बंद ठेवला. सकाळी चालू केला: १५ ऑगस्ट, वर्षही चालू. बाहेर शाळेची प्रभातफेरी चालली होती.

पैसे घेतले नाहीत. तीन फेऱ्या काकांच्या झाल्या होत्या, डिझेल वेगळं. जुन्या फोटोंच्या तारखा दुरुस्त करून देऊ का, असं विचारलं.

काकांनी सुरमई पुन्हा एकदा बघितली. "ऱ्हवांदे रे. बापाशीन पकडलली म्हणान सांगतलंय."