पाणी उपसण्यासाठी पाणीच

आजचा दिवस मध्य स्लोव्हाकियातील बान्स्का श्त्यावनित्सा या जुन्या खाणनगरीत गेला. तेथील खाण-संग्रहालयात अंगात डगला, डोक्यावर हेल्मेट आणि हातात दिवा देऊन आपल्याला भुयारात उतरवतात. चांदीसाठी माणसांनी ओणवे होऊन खडक कसा फोडला असेल, हे कंबर भरून आल्यावरच नीट उमगते. १६२७ मध्ये याच गावात खाणकामासाठी सुरुंगाची दारू वापरली गेली, ही गावाची प्रसिद्ध ओळख. मला मात्र पाण्याची हकिगत अधिक विलक्षण वाटली. खाणी खोल गेल्या तसे त्यांत पाणी साचू लागले, ते उपसायला यंत्रे हवीत आणि ती यंत्रे फिरवायला पुन्हा पाणीच हवे. जवळ मोठी नदी नसल्यामुळे अठराव्या शतकात सामुएल मिकोविनी आणि इतर अभियंत्यांनी डोंगरउतारांवरचे पावसाचे पाणी चर खणून वळवले आणि तलावांचे जाळेच उभे केले. त्या तलावांना ‘ताय्खी’ म्हणतात. दुपारी त्यांतल्याच एकात मुले मनसोक्त डुंबत होती. १९९३ मध्ये युनेस्कोने या गावाबरोबर परिसरातील अशा तांत्रिक वास्तूंनाही जागतिक वारसा ठरवले, हे फार योग्य झाले. नुसत्या देखण्या वाड्यांवरून या गावाचे मोठेपण कळले नसते.