फ्रिजच्या दारातलं इंजेक्शन

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या सरबताच्या बाटलीला टेकून, अण्णांची इंजेक्शनं असतात. चार हजार युनिटची. पिशवीवर आईने स्केचपेनने लिहिलंय, 'हात लावू नये'. डायलिसिसच्या दिवशी त्यातलं एक बर्फाच्या थर्मासात बसून अण्णांबरोबर रिक्षाने जातं. तांबड्या पेशी बनवा, असा निरोप किडन्या हाडांना धाडतात. त्या थकल्या की निरोप विकत आणावा लागतो. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. सगळे ईपीओच म्हणतात.

प्रिस्क्रिप्शनवर ते वाचलं आणि मला, खोटं कशाला सांगू, आधी सायकली आठवल्या. तांबड्या पेशी वाढल्या की दम टिकतो, म्हणून शर्यतीतले सायकलपटू हेच चोरून टोचून घेत. टायलर हॅमिल्टन या अमेरिकन सायकलपटूने पुढे सांगितलं होतं, की 1999 साली फ्रान्समधल्या नीसमध्ये त्याने आपल्या संघातल्या लान्स आर्मस्ट्राँगकडे ईपीओ मागितलं, तर त्याने सरळ फ्रिजकडे बोट दाखवलं. दारातच होतं, दुधाच्या खोक्याशेजारी. म्हणजे जागासुद्धा तीच! त्यांच्यात ईपीओला 'एडगर' म्हणत, एडगर ॲलन पो या लेखकावरून. चोरीतही वाङ्मय.

आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं 2012 मध्ये गेली. मला त्याचं फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते इटलीच्या मार्को पँतानीचं. डोक्याला फडकं, कानात बाळी; चढावर तो सीटवरून उठला की मीही टीव्हीपुढे कॉटवर उभा राहायचो. तेव्हा ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून 1997 पासून एवढाच नियम होता, की रक्तात तांबड्या पेशींचा वाटा 50 टक्क्यांच्या वर गेला, तर पंधरा दिवस सायकल बंद. म्हणजे एकोणपन्नासपर्यंत रान मोकळं, असाच अर्थ पोरांनी काढला असणार. 1999 च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, पँतानीच्या अंगावर पहिल्या नंबरची गुलाबी जर्सी होती, दोन टप्पे उरले होते, आणि सकाळच्या मोजणीत आकडा निघाला 52. शर्यत तिथेच संपली. पाच वर्षांनी रिमिनीच्या एका हॉटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय 34.

अण्णांच्या कागदावरही आकडा असतो, हिमोग्लोबिनचा. 7.8 वरून दहावर आलाय. मी हावरटासारखं विचारलं, "डॉक्टर, तेरा-चौदा नाही का करता येणार?" ते म्हणाले, "नको. रक्त घट्ट होतं, गुठळीची भीती. साडेअकराच्या पुढे मीच डोस कमी करीन."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मधल्या वळणावर अण्णांसाठी एक स्टूल ठेवलंय. परवा मी दारातून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होतो. तो वळणापाशी आला, थांबला नाही, तसाच वर आला. धापा टाकत, पण डोळ्यांत नुसती मिजास.

"आज बसलो नाही हं स्टुलावर," अण्णा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कशाला बसाल! सुई टोचून चढताय. त्या सायकलवाल्यांना हाकललं ना, तसं तुम्हालाही हाकलायला हवं."

"आधी चहा टाक," म्हणत अण्णांनी चपला काढल्या.