दुब्रोव्हनिकला किती दिवस ठेवावेत?

क्रोएशियाला निघालेली ओळखीतली मंडळी हमखास हाच प्रश्न विचारतात. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. दुब्रोव्हनिकला एक रात्र पुरे. वाचलेले दिवस त्याच किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराला द्या.

दुब्रोव्हनिक देखणं आहे, त्याबद्दल वादच नाही. जवळजवळ दोन किलोमीटरच्या तटबंदीवरून चालताना एका हाताला एड्रियाटिक समुद्र आणि दुसऱ्या हाताला कौलारू छपरं. ती कौलं नीट बघा. फिकट, डागाळलेली आहेत ती जुनी. भडक केशरी आहेत ती बहुतेक युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या १९९१-९२च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटल्यावर घातलेली. या शहराचा रक्षक संत ब्लेझ. त्याच्या नावाचं चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीलाही आहे आणि त्याचा संबंध दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी जोडतात. हे ऐकल्यापासून मला हे गाव उगाचच थोडं आपलं वाटतं. पण क्रूझची जहाजं लागली की मुख्य रस्त्यावर, स्त्रादुनवर, गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी उसळते. आणि संध्याकाळी ती ओसरली की लक्षात येतं, तटाच्या आत राहणारी माणसं फारशी उरलेलीच नाहीत. खिडक्या खूप, पण बहुतेक पाहुण्यांच्या.

स्प्लिटचं तसं नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीनंतर राहायला इ. स. ३०५च्या सुमाराला इथे राजवाडा बांधला. सातव्या शतकात शेजारच्या सालोना शहरातून जीव घेऊन पळालेले लोक त्यात शिरले, आणि तेव्हापासून तिथे वस्ती आहे. रोमन खांब कुणाच्या तरी घराच्या भिंतीत चिणलेला, वर दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या थडग्याचंच पुढे कॅथेड्रल झालं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

खरी मजा राजवाड्याच्या तळघरांत. वर राहणाऱ्यांनी जमिनीला भोकं पाडून शतकानुशतकं कचरा आणि सांडपाणी खाली सोडलं. तळघरं गच्च भरली आणि त्यामुळेच टिकली. वरचे शाही महाल गेले; पण तळघरांची आखणी वरच्यासारखीच असल्यामुळे सम्राटाची दालनं कशी होती ते आज कळतं. तिकीट काढून आत जाच. नुसत्या स्मरणवस्तूंच्या दुकानांवरून परत फिरू नका.

समुद्रस्नानाचं म्हणाल, तर या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी गोटे आणि खडक. रबरी बूट न्या, नाहीतर पायांची चाळण होईल. स्प्लिटचा बाच्वित्से मात्र वाळूचा आणि उथळ. तिथे घोटाभर पाण्यात लोक पित्सिगिन खेळतात: छोटा चेंडू तळहाताने उडवत राहायचा, पाण्याला टेकू द्यायचा नाही. गुण नाहीत, हारजीत नाही. पोट सुटलेले आजोबासुद्धा त्यासाठी पाण्यात सूर मारतात.

मॉन्टेनेग्रोतलं कोटोर जोडून करणार असाल तर किल्ल्याच्या तेराशेवर पायऱ्या सकाळी लवकर चढा; उन्हात जीव जातो. तिथलंच किनाऱ्यावरचं बुदवा मला नाही आवडलं. हॉटेलांचं जंगल झालंय, सोडलंत तरी चालेल. एक लक्षात ठेवा: क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मॉन्टेनेग्रो आणि बोस्निया नाहीत. तिकडे जाऊन परत क्रोएशियात यायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री व्हिसाच घ्या.

शाकाहारी असाल तर बोस्नियात बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा सारण भरलेला भाजलेला पदार्थ, मागू नका, त्यात मांस असतं. चीजची सिरनित्सा किंवा पालकाची झेल्यानित्सा मागा, सोबत दही. हे खायला मोस्तारसारखं गाव नाही. १५६६चा तिथला पूल १९९३मध्ये युद्धात पाडला गेला आणि २००४मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यावरून नदीत उड्या मारणारी पोरं आधी प्रेक्षकांत पैसे गोळा करतात. मनासारखे जमेपर्यंत कठड्यावर नुसतेच हात ताणत उभी राहतात, तेव्हा बसची वेळ बघूनच तिथे थांबा.