भिंतीला पोट आलंय

"काका, भिंतीला पोट आलंय," भूकंपात वाडा टिकेल का ते तपासायला आलेली इंजिनीअर मुलगी म्हणाली आणि तिने ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला. छातीच्या उंचीवर दोरी दगडाला चिकटली, खाली मात्र चांगली चार बोटं सुटली.

काका हसले. "एवढी वर्षं उभाय वाडा. आणि नाशकात कुठला गं भूकंप?"

जुन्या नाशकातला वाडा, हातभर जाडीची भिंत. मलाही ती भक्कमच वाटत होती. पण ती एकसंध नसतेच म्हणे. बाहेरून-आतून दगडाचे दोन थर, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्यात थर सुटे होऊन ढासळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी अशाच दगडमातीच्या भिंतींखाली.

वाड्यात सागवानी खांब-तुळया आहेत, ही जमेची बाजू. भिंत पडली तरी सांगाडा वरचा मजला तोलू शकतो. पण तिने ओल आलेल्या तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. शिवाय दुकानाचं शटर बसवायला खालचा एक खांब कधीच काढलेला. वर दोन पाण्याच्या टाक्या!

काकांचा प्रश्न एकच : "वाडा भक्कम असल्याचं सर्टिफिकेट कधी मिळेल?"

पावसाळा आला की पडके वाडे आपल्याला आठवतात. दिंडोरी-पेठकडे अधूनमधून जमीन हलते, ती बातमी वाचून पान उलटतो.

तुमच्या वाड्यातला खांब काढताना कुणाला विचारलं होतं?