बंपरची चीर

धरमपेठेतल्या अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना बंपरला वीतभर चीर गेली, ती मी घरीच सांधली. बंपर उतरवल्यावर आतल्या बाजूला ‘पीपी’ ही खूण दिसली. म्हणजे हे पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिक, ज्यावर साधा इपॉक्सी गोंद नीट धरत नाही. म्हणून चीर पुढे सरकू नये यासाठी आधी तिच्या टोकाशी ३ मिलिमीटरचे छिद्र पाडले आणि मग आतून स्टीलची बारीक जाळी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये हळूहळू दाबत नेली. जाळीच्या घरांतून वितळलेले प्लास्टिक मधासारखे वर येते, त्याच क्षणी हात उचलावा. धूर निघाला तर प्लास्टिक जळू लागले असे समजावे. हे काम मोकळ्या गच्चीवरच करावे, मात्र नागपूरच्या मे महिन्यात सकाळी लवकर. नंतर घासकाम, प्लास्टिकचा प्रायमर आणि रंग. सांधा बोटाला अजूनही किंचित जाणवतो.