भात झोडून झाल्यावर

आमच्या बयने, म्हणजे माझ्या आजीने, आयुष्यात आषाढी वारी एकदाही केली नाही. हे ऐकून माणसं चमकतात, कारण तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि एकादशी तिने तापातही मोडली नव्हती. कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं. "आषाढान लावनी असतं. लावनी सोरून गेली तं पांडुरंग दारातच इचारल, भात कुनाच्या हवाली केलंस?"

देशावरचा शेतकरी पेरणी उरकून पंढरीची वाट धरतो. आमच्याकडे त्याच दिवसांत माणूस कमरेतून वाकून चिखलात उभा असतो. म्हणून ठाणे-रायगडकडच्या किती तरी दिंड्या कार्तिकात आळंदीला निघतात. बयची वारीही तीच. कार्तिक वद्य एकादशीपर्यंत भात कापून, झोडून कणगीत पडलेलं असतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली ती त्याच पंधरवड्यातल्या त्रयोदशीला. बयच्या मते यात योगायोग वगैरे काही नव्हता. "माऊलीला कलतं," एवढंच ती म्हणायची.

बाबा तिला बय म्हणायचे, म्हणून आम्ही नातवंडंही तेच म्हणायचो. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९३२. ही तारीख कुणी टाकली ते तिलाही माहीत नव्हतं. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. भात पोटरीला आलं होतं तेव्हा ती जन्मली, आणि लग्न झालं तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते. ती गेली ज्येष्ठात, मृग लागायच्या आदल्या आठवड्यात. तिच्याच पद्धतीने सांगायचं तर पेरणीच्या तोंडाशी.

गेल्या कार्तिकात मी पहिल्यांदा चालले. घणसोली गावातल्या देवळात पहाटे काकडा झाला आणि दिंडी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली. पुढे विणेकरी, मागे टाळकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि सगळ्यांच्या मागे सामानाचा टेम्पो. महापेला माझं ऑफिस आहे. रोज ज्या रस्त्यावर मी रिक्षात बसून हॉर्नना शिव्या देते, तोच रस्ता त्या दिवशी मी अनवाणी तुडवत होते. (अनवाणी तुर्भ्यापर्यंतच. नंतर गुपचूप बूट घातले. बयही चपला घालून जायची, त्यामुळे फार लाज वाटली नाही.)

आमचं खारातलं शेत आता एका सेक्टरच्या खाली आहे. खाडीच्या बाजूला बांध, बांधाला उघाडी, भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला आतलं सोडायचं. या खाऱ्या जमिनीत राता नावाचं लालसर भात यायचं. पलीकडे मिठागरं होती. बय पाऊसभर शेतात आणि उन्हाळ्यात मिठागरात, डोक्यावर मिठाची पाटी. तिच्या टाळूवर मधोमध केस विरळ होते. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच आज्यांचे तसे असतात.

१९७० नंतर नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, जमिनी गेल्या. बयने शेतांची नावं मात्र सोडली नाहीत. तिथे टॉवर उभे राहिले तरी तिच्या तोंडी ते शेतच होतं. रिक्षावाल्याला ती सांगायची, "उघारीवर सोर." तो बिचारा जौनपूरचा. माझ्याकडे आरशातून बघायचा आणि मी त्याला सेक्टर नंबर सांगायचे.

बेलापूर सोडून पनवेलकडे वळल्यावर एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने उजवीकडे हात केला. "तिकरं जासई." पुढे तो काही बोलला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली त्या भागात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातूनच आली. बय त्या मोर्चाला गेली होती. तिथलं तिने आम्हाला सांगितलं ते एवढंच, की सगळ्यांसाठी बांधून नेलेल्या भाकऱ्या तशाच परत आल्या आणि त्या रात्री घरात कुणी खाल्ल्या नाहीत.

माळकरी बाई आगऱ्याच्या घरात कशी राहत असेल, असा प्रश्न मला मोठेपणी पडला. तेव्हा तो कुणालाच पडत नव्हता. घरात रोज मासळी. निवटी, कोलिम, सुके बोंबील सगळं तीच साफ करायची, तीच रांधायची. तिच्या हातच्या कोळंबीच्या कालवणासाठी पाहुणे मुद्दाम दुपार गाठून यायचे. पण तिने स्वतः ते कधी चाखलं नाही. मिठाचा अंदाज हाताचा. तरी शेवटी कुणाला तरी हाक मारायचीच, आणि बहुतेक वेळा ती मलाच. तळहातावर दोन थेंब रस्सा ओतायची आणि माझ्या चेहऱ्याकडे रोखून बघत राहायची. मी जीभ फिरवून सांगायचे, "कमी हाय." त्या घरात माझ्या शब्दावर काही ठरायचं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी चौक गाव ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली भाताची शेतं दिसली. उडवी रचलेल्या, खळ्यावर तूस उडत होतं. खालापूरच्या अलीकडे बयचं माहेर. जमिनी गेल्यानंतर दिंडीसाठीचा तांदूळ ती भावाकडून घ्यायची. विकतचा न्यायचा नाही, हा तिचा हट्ट. या वेळी भावाचा नातू रस्त्यावर मोटारसायकल लावून उभा होता. पाच किलोची पिशवी त्याने माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. वयाने तो माझ्याहून थोडाच लहान, मी एकदम अवघडले. मग लक्षात आलं, नमस्कार मला नव्हता. बय मात्र या तांदळाला दर वर्षी नावं ठेवायची. "दिसाला पांढरा, पन याला खाराची चव नाय."

खोपोलीला मुक्काम. पाय सुजले होते. शेजारच्या काकींनी तेल चोळून दिलं आणि झोपेपर्यंत स्वतःच्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या. त्या बदल्यात तेल स्वस्तच म्हणायचं.

बोरघाट पहाटे चढायला घेतला. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळे टेकले. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून आजही त्याच्यापुढे नाणी पडतात. बय तिथे चिमूटभर तांदूळ ठेवायची, हे मला काकींकडून कळलं. "पैसा काय, गारीवाले देतान," म्हणायची म्हणे. मी पिशवीची गाठ सोडली. पुढच्या चढावर दम लागून मी दोनदा बसले. बय हा घाट सत्तरीपर्यंत चढली. बसायची ती फक्त पान लावायला.

लोणावळ्यापुढचे दोन दिवस हायवे, धूळ आणि ट्रक. कामशेतच्या आसपास तर गजरही थांबला होता, नुसते पाय चालत होते. देहूला इंद्रायणीत पाय बुडवले तेव्हा जरा माणसात आले.

आळंदीत एकादशीला इतकी गर्दी की समाधीचं दर्शन सोडाच, महाद्वारही लांबूनच. कळसाला हात जोडले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण पायांपुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

द्वादशीला पारण्याचा स्वयंपाक. मी पिशवी आचारी मामांपुढे ठेवली. त्यांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन निरखला. "नवा आहे. पाणी बेतानं लागेल. म्हातारीचाच ना?" मी हो म्हटलं. तो सगळा तांदूळ त्यांनी परातीत इतरांच्या कोलममध्ये ओतला. मग कुठला कुणाचा ते कळायचं कारण उरलं नाही.

नैवेद्याचं ताट काढून झालं होतं. मामांचे दोन्ही हात भाताच्या पातेल्यात अडकलेले. आमटीच्या पातेल्याकडे मानेने खूण करत ते म्हणाले, "मीठ बघ गं जरा."

मी तळहात पुढे केला, दोन थेंब घेतले.

"कमी हाय," मी म्हटलं.