तुम्ही विचारलेत म्हणून: सब्र, अश्रू आणि अल्लाहवरचा भरवसा

मला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. बिगरमुस्लिम स्नेही विचारतात, "संकट आले की तुमच्याकडे 'अल्लाहची मर्जी' म्हणतात आणि सारे त्याच्यावर सोडून देतात, मग माणसाने हातपाय हलवायचे की नाही?" आमच्याच घरांतली तरुण मुले-मुली आवाज खाली आणून विचारतात, "मला रडू आवरत नाही, मनात तक्रार येते. माझे ईमान (श्रद्धा) कमी पडले का?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की सब्र (संकटातला धीर) करणारा माणूस तोंड मिटून सारे निमूट सोसतो. कुरआन आणि हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदी) जेवढे वाचले, त्यावरून ही समजूत मला मान्य नाही. विचारणाऱ्यांपैकी पुष्कळ जण खरोखरच्या दुःखात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुरआनच्या 12व्या सूरहमध्ये (अध्यायात), सूरह यूसुफमध्ये, एका घराची कहाणी सलग येते. हजरत याकूब (अ.) यांच्या लाडक्या मुलाला, यूसुफला, त्याचेच भाऊ विहिरीत टाकतात आणि संध्याकाळी खोटे रक्त लावलेला अंगरखा घेऊन रडत घरी येतात. बापाला त्यांचे खोटे कळते. तो म्हणतो, "आता सुंदर सब्रच, आणि तुम्ही जे सांगता आहात त्यावर अल्लाहचीच मदत मागायची." पुढे वर्षे लोटतात, धाकटा मुलगाही मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकून पडतो आणि याकूब (अ.) पुन्हा तेच शब्द उच्चारतात. ही 83वी आयत (वचन). लगेच पुढच्या, 84व्या आयतीत ते सर्वांकडे पाठ फिरवतात, "हाय यूसुफ!" असे उद्गार काढतात आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. सब्राची ग्वाही आणि दृष्टी जाईपर्यंतचा शोक या दोन गोष्टी कुरआनने एकापुढे एक ठेवल्या आहेत आणि त्यांत कुठेही विसंगती मानलेली नाही. ज्याला अल्लाहने नबी (पैगंबर) केले, त्याचा शोक इतका खोल होता, हे वाचल्यावर रडणाऱ्या माणसाच्या ईमानाविषयी शंका घेण्याचे धाडस मला तरी होत नाही.

त्यानंतर मुले बापाला बोल लावतात, की यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही झिजून तरी जाल नाहीतर मरून तरी जाल. शोक आवरा असे सांगणारी ही तीच मुले आहेत, ज्यांनी तो शोक त्याच्या वाट्याला आणला. याकूब (अ.) उत्तर देतात, "मी माझी व्यथा आणि माझे दुःख फक्त अल्लाहपाशी मांडतो आहे." आणि त्याच दमात सांगतात, "मुलांनो, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका." तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला इथे मिळतात. ते रडतात, गाऱ्हाणे घालतात, शोधही चालू ठेवतात. मात्र अल्लाहने आपल्यावर अन्याय केला असे त्यांच्या तोंडून निघत नाही आणि सारे संपले म्हणून ते शोध थांबवत नाहीत. सब्राने माणसाला जे काही आवरायला सांगितले आहे, ते एवढेच आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातही हेच दिसते. हिजरी (इस्लामी कालगणना) 10 मध्ये त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम शेवटचे श्वास घेत होता, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पैगंबरांचे सोबती अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी आश्चर्याने विचारले, "अल्लाहचे रसूल, आपणसुद्धा?" ही दया आहे, असे सांगून ते म्हणाले, "डोळे पाझरतात, मन दुःखी होते, पण आम्ही तेच बोलतो ज्याने आमचा रब (पालनकर्ता) राजी होईल. आणि इब्राहीम, तुझ्या वियोगाने आम्ही खरोखर दुःखी आहोत." अब्दुर्रहमान यांचा प्रश्न आजही जशाचा तसा विचारला जातो, याचेच मला आश्चर्य वाटते, कारण त्याचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे.

कबरीपाशी रडणाऱ्या एका बाईची हदीसही पुष्कळांना माहीत असते. पैगंबरांनी (स.) तिला सांगितले, "अल्लाहला भी आणि सब्र कर." तिने त्यांना ओळखले नाही आणि ती म्हणाली, "जा इथून, माझ्यावर आलेले संकट तुमच्यावर आलेले नाही." मागाहून, ते कोण होते हे कळल्यावर ती त्यांच्या दाराशी गेली, तेव्हा ते म्हणाले, "सब्र तो, जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो." लोक हे शेवटचे वाक्य सांगतात आणि ते महत्त्वाचे आहेच, कारण काळ गेला की दुःख सर्वांचेच बोथट होते. पण तिने फटकारले तेव्हा पैगंबरांनी (स.) वाद घातला नाही, आपण कोण ते सांगितले नाही, दुसऱ्यांदा उपदेशही केला नाही. सांत्वनाला जाणाऱ्यांनी हा अर्धा भागही लक्षात ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सब्राचा एक गैरवापर मला फार खुपतो. ज्याने त्रास दिला तोच, किंवा त्याच्या बाजूचे लोक, त्रास सोसणाऱ्याला, बहुधा घरातल्या बाईला, सब्र करायला सांगतात. त्यांनी कुरआनची 58वी सूरह उघडावी. खौला बिन्त सअलबा (र.) यांना पतीने 'तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी' असे म्हटले होते. अरबांच्या जुन्या रूढीप्रमाणे या एका वाक्याने पत्नी पतीला वर्ज्य होई आणि तिला मोकळीकही मिळत नसे. खौला पैगंबरांकडे (स.) आल्या, त्यांच्याशी वाद घातला आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे केले. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (र.) सांगतात, की त्या घराच्याच एका बाजूला होत्या, तरी खौला यांचे काही बोलणे त्यांना ऐकू आले नाही, अल्लाहने मात्र ते ऐकले. "जी स्त्री आपल्या पतीविषयी तुझ्याशी वाद घालत होती आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे करत होती, तिचे बोलणे अल्लाहने ऐकले आहे," या शब्दांनी ती सूरह सुरू होते आणि त्या रूढीला चूक ठरवून पतीवर प्रायश्चित्त ठेवते. खौला यांना कोणी बेसब्र म्हटले नाही.

आता भरवशाविषयी, म्हणजे तवक्कुलविषयी. हिजरी 18 च्या सुमारास खलिफा हजरत उमर (र.) शाम (सीरिया) देशाकडे निघाले आणि सर्ग या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुढे प्लेगची साथ पसरल्याची खबर आली. त्यांनी आधी मुहाजिरांना (मक्केहून स्थलांतर केलेल्यांना), मग अन्सारांना (मदीनेतल्या मदतगारांना), मग कुरैश टोळीच्या वडीलधाऱ्यांना विचारले. पहिल्या दोघांत मतभेद झाले. वडीलधारे एकमुखाने म्हणाले, की लोकांना घेऊन परत फिरावे. उमर (र.) यांनी तसे जाहीर केले. सेनापती अबू उबैदा (र.) यांनी विचारले, "अल्लाहच्या तकदीरीपासून (त्याने ठरवलेल्या नशिबापासून) पळता?" उमर (र.) म्हणाले, "होय, अल्लाहच्या तकदीरीकडून अल्लाहच्याच तकदीरीकडे." आणि त्यांनी विचारले, की तुमचे उंट अशा खोऱ्यात उतरले ज्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड आहे, तर तुम्ही त्यांना कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच नाही का? इतक्यात अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आले आणि त्यांनी पैगंबरांची (स.) आज्ञा सांगितली: एखाद्या मुलखात साथ असल्याचे कळले तर तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर पळून जाण्यासाठी तिथून बाहेर पडू नका. उमर (र.) यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते परत फिरले. अबू उबैदा (र.) साथीच्या मुलखात आपल्या लोकांमध्ये राहिले आणि अमवासच्या त्या साथीत वारले. मला दोघांचाही तवक्कुल पूर्ण वाटतो. एकाने लोकांचा जीव वाचवण्यासाठी पाऊल मागे घेतले आणि दुसऱ्याने लोकांना सोडून आपला जीव वाचवला नाही. 'आधी उंट बांध, मग भरवसा ठेव' ही हदीससंग्राहक तिर्मिजींनी नोंदलेली हदीस सर्वांच्या तोंडी असते. तिचा अर्थ मला सर्गच्या या प्रसंगाने नीट कळला.

मग कोणी विचारील, की सारे प्रयत्न माणसानेच करायचे, तर अल्लाहवर सोडायचे तरी काय? निकाल सोडायचा. याची किंमत मी घरात पाहिली आहे. माझे वडील दीर्घ आजारात गेले. अम्मीने औषधाची एक वेळ चुकू दिली नव्हती. कागदावर आखलेल्या तक्त्यात ती प्रत्येक गोळीपुढे खूण करी आणि फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर हात उचलून बराच वेळ दुआ मागत बसे. ते गेल्यावर तिला एकाच विचाराने पोखरले: दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले असते तर? भेटायला आलेल्या एका बाईने "रडू नका, अल्लाह नाराज होईल" असे सांगितले, त्याने ती अधिकच घुसमटली. तिला आधार मिळाला तो सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या एका हदीसीने. जे हिताचे आहे त्यासाठी झट, अल्लाहची मदत माग, हताश होऊ नकोस. आणि काही ओढवलेच तर 'मी असे केले असते तर' असे म्हणू नकोस, 'अल्लाहने ठरवले आणि त्याने हवे ते केले' असे म्हण, कारण 'तर' हा शब्द सैतानाच्या कामाचे दार उघडतो. यात क्रम फार मोलाचा आहे. झटणे आधी आहे; तकदीरीचे नाव हात टेकल्यानंतर घ्यायचे आहे. आधीच घेतले तर तो आळस होतो, आणि नंतरही घेतले नाही तर माणूस उरलेले आयुष्य स्वतःवरच खटला चालवत राहतो. अम्मी त्यानंतरही रडत असे, पण 'तर' म्हणायची थांबली.

शेवटी तुम्ही हेही विचारता, की दुःखात असलेल्याला आपण काय सांगावे. माझे उत्तर असे, की पहिल्या दिवसांत फारसे काही सांगू नये. हिजरी 8 मध्ये मुअताच्या लढाईत पैगंबरांचे चुलत भाऊ जाफर बिन अबी तालिब (र.) शहीद झाल्याची वार्ता मदीनेत आली, तेव्हा पैगंबरांनी (स.) आपल्या लोकांना सांगितले, "जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असे काही ओढवले आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही." म्हणून शोकाच्या घरी जाताना जेवण घेऊन जावे, त्यांची मुले थोडा वेळ सांभाळावी, दवाखान्याची बिले आणि कागदपत्रे राहिली असतील तर ती निस्तरावी. सब्राविषयी त्यांनी स्वतः विचारले, तर याकूब (अ.) यांची कहाणी सांगावी, आणि सांगताना 84वी आयत वगळू नये.